पाहुणं मंडळ येतंय : युवक मंडळांच्या आदानप्रदान सहलीची तयारी

अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या युवक मंडळानं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात यायचं, चार-पाच दिवस तिथल्या मंडळातल्या मुलांच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर डोंगर चढायचा, कडा उतरायचा. मग पुढच्या हिवाळ्यात अकोल्याच्या मुलांनी मेळघाटात जायचं. अशा सहलीची कल्पना मंडळांच्या बैठकीत अधूनमधून निघते आणि बहुतेक वेळा तिथेच राहून जाते. नेहरू युवा केंद्राशी जोडलेल्या मंडळांना ही पद्धत नवी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रांमार्फत एका भागातल्या तरुणांना दुसऱ्या भागात नेण्याचे कार्यक्रम होत आले आहेत. पण दोन मंडळांनी आपापसात ठरवून केलेली सहल मुलांमध्ये जास्त मुरते, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या शिबिरात सगळेच पाहुणे असतात; इथे मात्र एकानं घर उघडायचं आणि दुसऱ्यानं त्या घरात नीट वागायचं, अशी दोघांवरही जबाबदारी येते.

अकोले-भंडारदरा आणि अमरावती-मेळघाट ही जोडी मी उदाहरणासाठी घेतली आहे. दोन्हीकडे साहसाला भरपूर वाव आहे, पण एकीकडचं साहस दुसरीकडे चालत नाही. तुमची मंडळं वेगळ्या जिल्ह्यांतली असतील तर ठिकाणं बदला. पद्धत फारशी बदलावी लागणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. कडा, दोर, पाणी ही सगळी निमित्तं आहेत. दोन्ही मंडळांची मुलं आपापल्या घोळक्यात राहिली, आपापल्या रांगेत उभी राहून दोरावरून उतरली आणि फोटो काढून परत गेली, तर ती पैसे भरून केलेली सहलच झाली. आदानप्रदान व्हायचं असेल तर प्रत्येक उपक्रमात एका मंडळाच्या मुलाला दुसऱ्या मंडळाच्या मुलाची गरज पडली पाहिजे. म्हणून पहिल्याच संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा : एक यजमान, एक पाहुणा. मुलींच्या जोड्या मुलींशी, मुलांच्या मुलांशी. ही जोडी निरोपापर्यंत मोडायची नाही. चढताना जोडीदार मागे पडला तर थांबायचं, त्याच्या बाटलीत पाणी आहे का ते बघायचं, दोरावर जाण्याआधी त्याचा हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कमरेचा पट्टा, तपासायचा आणि रात्री तो मुक्कामाच्या घरी पोहोचला याची खात्री करायची. दुसऱ्या दिवशी काही मुलं जोडी बदलून मागतील. आपला जुना मित्रच हवा म्हणतील. देऊ नका. पहिल्या दीड दिवसाचा अवघडलेपणा सोसल्याशिवाय ओळख होत नाही.

संख्या लहान ठेवा. प्रत्येक मंडळाची बारा ते पंधरा मुलं, वय पंधरा ते वीस, आणि दोन्हीकडून किमान दोन-दोन जबाबदार मोठी माणसं. मुली असतील तर दोन्ही मंडळांतून एकेक बाई हवीच, आणि ती सहलभर हवी, फक्त उद्घाटनाला नको. तिसाच्या वर आकडा का जाऊ नये, याचं साधं गणित आहे. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, हार्नेस चढवणं, तपासणी, उतरणं आणि दोर मोकळा करणं यात एका मुलामागे दहा मिनिटं सहज जातात. तीस मुलं एकाच दोरावरून उतरवली तर पाच तास लागतील. दोन दोर लावले तरी अडीच तास. याहून जास्त मुलं आणली की प्रशिक्षक घाई करू लागतो, आणि कड्यावर घाईसारखी वाईट गोष्ट नाही.

आता काळवेळ. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, म्हणून जानेवारीनंतरचा विचार सोडा. दिवाळीच्या सुटीचा उत्तरार्ध सगळ्यात सोयीचा. दसरा-दिवाळीच्या आसपास मात्र परतीच्या पावसाची एखादी सर दुपारनंतर विजा घेऊन येते. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत आणि माथा उघडा आहे. म्हणून त्या दिवसांत पहाटे निघायचं आणि दुपार व्हायच्या आत खाली यायचं, असाच बेत ठेवा. नवरात्रात कळसूबाईच्या देवळात यात्रेची गर्दी असते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शहरांतून लोंढे येतात; दोन्ही टाळा. पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो हे खरं, पण तीस मुलांना ओल्या कातळावर, धुक्यात, भरलेल्या ओढ्यांतून नेण्याचे ते दिवस नाहीत. काजव्यांसाठी मे-जूनमध्ये यायचं असेल तर त्यासाठी वेगळी, छोटी सहल करा.

ठिकाणं निवडताना पाहुण्यांची चाल लक्षात घ्या. अमरावतीच्या सपाट काळ्या रानात वाढलेला मुलगा मैदानात कितीही धावत असला तरी सलग तीन-चार तासांचा चढ त्याच्या पोटऱ्यांना नवा असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी गावाभोवतीची फेरी, धरणाची भिंत, शिवार एवढंच. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण आणि त्यामागचा जलाशय यजमान मुलांनीच दाखवावा. आपल्या गावच्या पाण्याची गोष्ट सांगायला गाइड कशाला? दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर आणि रतनगड, जमल्यास वरच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत. तिसऱ्या दिवशी दोराचे उपक्रम. चौथ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई. १६४६ मीटर, म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, शेवटी ठेवण्याचं कारण असं की तोवर पाय तयार झालेले असतात आणि जोड्याही.

सांधण दरीचं नाव कोणीतरी काढणारच. साम्रद गावाजवळची ती अरुंद घळ पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये दगडधोंडे, काही ठिकाणी साचलेलं थंडगार पाणी. पण घळीत शिरल्यावर बाजूला पळायला जागा नसते. वर कुठेही पाऊस झाला तर पाणी याच वाटेनं येतं आणि वरून सुटलेला दगडही याच वाटेवर पडतो. आभाळात ढग दिसले तरी बेत रद्द करायचा, ही तयारी असेल तरच सांधण कार्यक्रमात घाला. तेव्हाही सुरुवातीच्या टप्प्यातून मागे फिरा. पुढचे दोर लावून उतरायचे टप्पे नवख्या मुलांसाठी नाहीत. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याची परवानगी, प्रवेशशुल्क आणि रात्रीच्या मुक्कामाचे नियम आधी लेखी विचारून घ्या.

पूर्वपाहणीला पर्याय नाही. सहलीच्या साधारण महिनाभर आधी पाहुण्या मंडळाच्या दोघांनी प्रत्यक्ष यावं, प्रत्येक वाट चालून बघावी, प्रत्येक घर बघावं, पाण्याच्या जागा बघाव्यात आणि फोनला रेंज कुठे येते ते कागदावर लिहावं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून घसारा कळत नाही, उतारावरचं वाळलेलं गवत किती निसरडं आहे तेही कळत नाही. याच फेरीत राजूर, अकोले किंवा घोटी इथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा : सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, गावापासून गाडीनं किती वेळ लागतो? उत्तर लिहून घ्या. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण आडगावात ती पोहोचायला वेळ लागतो. म्हणून चालकासह एक गाडी सहलभर गावात उभी असली पाहिजे.

दोराचा दिवस सगळ्यांत जास्त तयारी मागतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

गावात किंवा शहरात कोणीतरी 'मी रॅपलिंग घेतो' म्हणणारा मिळतोच. त्याला तीन गोष्टी विचारा. पहिली, शिक्षण कुठे झालं? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था अशा ठिकाणी गिर्यारोहणाचे प्राथमिक आणि प्रगत अभ्यासक्रम होतात, आणि शिकवण्याचा वेगळा अभ्यासक्रमही असतो. प्रमाणपत्र बघायला मागण्यात अपमान काही नाही. चांगला प्रशिक्षक ते स्वतःहून दाखवतो. दुसरी, नोंदणी आहे का? राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तिसरी, तुमच्यासोबत आणखी कोण? एक प्रशिक्षक वर, एक खाली, आणि प्रत्येक दोराला हे वेगळं. एकटा माणूस तीस मुलांचं रॅपलिंग घेतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून दुसरा शोधा.

साहित्य स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दोर, हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट यांवर यूआयएए किंवा सीई ही मानकचिन्हं असतात. हार्नेस आणि दोर कापडी धाग्याचे असतात, ते वापरले नाहीत तरी जुने होतात. बनल्यापासून दहा वर्षं उलटलेला हार्नेस कितीही नवा दिसला तरी बाद समजतात. दोर हातातून सरकवत पूर्ण लांबी तपासा. कुठे मऊ पडलाय, फुगलाय, आतला पांढरा गाभा दिसतोय, तर तो दोर त्या दिवशी वापरायचा नाही. गाठोडं बांधायला दुकानातून आणलेला नायलॉनचा दोर माणसासाठी नसतो, हे लिहायची वेळ यायला नको, पण येते.

कडा साठ-सत्तर फुटांचा पुरे. जाहिरातीत फूट वाढत जातात आणि मुलंही 'किती फूट?' एवढंच विचारतात. तुम्ही त्या शर्यतीत पडू नका. आधी पंधरा-वीस फुटांच्या उतरत्या कातळावर सगळ्यांनी दोनदा सराव करायचा आणि मगच मोठा कडा. दोर दोन स्वतंत्र आधारांना बांधलेला हवा, आणि उतरणाऱ्याच्या हार्नेसला वरच्या प्रशिक्षकानं धरलेला दुसरा सुरक्षा-दोर हवाच हवा. त्याला बिले म्हणतात. 'मुलं हलकी आहेत, बिलेची गरज नाही' असं कोणी म्हणालं तर उपक्रम तिथेच थांबवा.

जोडीचा खरा उपयोग इथे होतो. उतरणाऱ्याच्या दोराचं खालचं टोक हातात धरून कोणीतरी उभं राहायचं असतं. त्यानं दोर ताणला की उतरणारा जागच्या जागी थांबतो. हे काम खालच्या प्रशिक्षकाच्या शेजारी उभं राहून, त्याच्या सांगण्यावरून, जोडीदारानं करायचं. वर लटकलेल्या अमरावतीच्या मुलीचा दोर राजूरच्या मुलीच्या हातात असतो. वरची घाबरली तर खालून तिच्याशी बोलणारी तीच. अर्ध्या तासानं जागा बदलतात. दोन तरुण माणसांमध्ये विश्वास भाषणांतून तयार होताना मी कधी पाहिला नाही, इथे तो होतो. मात्र एक अट : जोडीदाराचा हात हा वरच्या बिलेला जोड म्हणून आहे, बदली म्हणून नाही.

उतरण्याआधी जोडीदारानं मोठ्यानं बोलत तपासायचं : हार्नेसची पट्टी उलटी घालून घट्ट केली का, कॅराबिनरचा स्क्रू फिरवला का, हेल्मेटचा पट्टा लागला का, केस बांधून शर्टाच्या आत घेतले का. लांब केस किंवा ओढणी उतरण्याच्या साधनात अडकली तर माणूस अधांतरी अडकतो. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायचं. खाली उभे असलेल्यांनीही हेल्मेट घालायचं, कारण दगड बघ्यांवरच पडतात. दोरावर कोणाला चक्कर आली, तो निपचित लटकू लागला, तर त्याला पटकन खाली आणणं हे पहिलं काम. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहणं जिवावर बेतू शकतं.

आणि 'नाही' म्हणणाऱ्याला भाग पाडायचं नाही. काठावर येऊन मागे फिरणाऱ्या मुलाला टाळ्या वाजवून, नाव घेऊन, 'भित्रा' म्हणून ढकलण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे ती बंद करा. तो दोर गोळा करेल, वेळेची नोंद ठेवेल, जोडीदाराचं खालचं टोक धरेल. दुपारी त्यालाच वाटलं तर तो उतरेल. नाही वाटलं तरी त्याची सहल पूर्ण झालेली असते.

घोषणांचंही तसंच. गडावर पाय ठेवला की घोषणा देण्याची हौस सगळ्यांना असते. पायथ्याशी, मंदिरासमोर द्या. कड्याजवळ शांतता पाळा, एक म्हणजे प्रशिक्षकाचा आवाज ऐकू यायला हवा म्हणून, आणि दुसरं आग्या माश्यांसाठी. सह्याद्रीच्या कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, डिओ, दगड आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात आणि उठल्या की थव्यानं येतात. उपक्रमाच्या आदल्या दिवशी दुर्बिणीनं कडा नीट बघा. पोळं दिसलं तर कडा बदला. मोहोळ उठलंच तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-मान कापडानं झाकून, उताराचं भान ठेवून त्या जागेपासून दूर जायचं, लांब गेल्यावर काटे खरवडून काढायचे. ज्याला श्वास लागतो, ओठ-चेहरा सुजतो, त्याला ताबडतोब दवाखान्यात हलवायचं.

पाण्याबद्दल थोडक्यात. जलाशयात कयाक किंवा होडी असेल तर पोहता येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट सक्तीचं. जॅकेट घातल्यावर जोडीदारानं खांद्याच्या पट्ट्या वर ओढून बघायच्या. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. बुडण्याच्या घटना उपक्रमात होतात त्यापेक्षा उपक्रम संपल्यावर, 'जरा पाय ओले करतो' म्हणून गेलेल्यांच्या जास्त ऐकायला मिळतात. म्हणून एक सरसकट नियम : ठरलेल्या वेळेबाहेर कोणीही पाण्यात उतरणार नाही. रंधा धबधब्याच्या काठावर तर नाहीच नाही.

आता घरं. माझ्या मते आदानप्रदानाचं निम्मं यश इथेच ठरतं.

एका घरी किमान दोन पाहुणे द्या, एकटं मूल कुठल्याही घरी नको. मुलींना द्यायच्या घरात बाईमाणूस असावं, दाराला आतून कडी असावी, संडास-न्हाणी जवळ असावी आणि वाटेवर उजेड असावा. पाळीच्या दिवसांचं सामान, कचऱ्याची सोय, त्या दिवशी चढाई टाळण्याची मुभा, हे सगळं दोन्हीकडच्या बायांनी आधीच बोलून ठेवावं. अठरा वर्षांखालची मुलं सोबत असतात, तेव्हा मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक मोठ्या माणसाला हवी. मुलानं काही सांगितलं किंवा कोणाला काही गैर कळलं, तर ते मंडळात मिटवायचा अधिकार कोणालाही नाही. पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वहीत लिहून द्या.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरं ठरवताना कोणी पाहुण्यांची आडनावं विचारून मग होकार देणार असेल तर ते घर यादीतून काढून टाका. कितीही मोठं, सोयीचं, देणगीदाराचं असलं तरी. चिठ्ठीनं जोडी लागली आणि मग जातीवरून घर बदललं, ही जखम त्या मुलाच्या मनात सहलीच्या सगळ्या आठवणींहून जास्त काळ राहील. धर्माचंही तेच. कोण मांसाहार करतो, कोणाचा उपास आहे, कोणाला हलाल लागतं, एवढंच विचारा. ते स्वयंपाकासाठी लागतं.

यजमान घरावर खर्चाचा बोजा पडू देऊ नका. जुनी शिध्याची पद्धत इथे उत्तम चालते. पाहुण्या मंडळानं येताना तुरीची डाळ, ज्वारी, शेंगदाणे, चहा-साखर बांधून आणायची आणि मुक्कामाच्या घरांत वाटून द्यायची. मग एका संध्याकाळी पाहुण्यांनी चुलीजवळ बसून भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत करायचं. दुसऱ्या संध्याकाळी यजमानांची नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. रोज सकाळी तासभर पाहुण्यानं घरच्या कामात हात घालायचा : पाणी आणणं, गोठा, भात झोडणं, जे असेल ते. दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी चाललेली असते, तेव्हा घरच्यांनाही दोन हात हवेच असतात. सांस्कृतिक कार्यक्रमावर फार वेळ घालवू नका. मंच, माईक आणि सत्कार आले की मुलं पुन्हा दोन बाजूंना बसतात.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात, पण पालकांशी सगळा व्यवहार त्यांवरच चालतो. संमतिपत्रात 'सहलीला पाठवण्यास हरकत नाही' एवढं पुरेसं नाही. रॅपलिंग, डोंगर चढाई, होडी असं नावानिशी लिहा. आरोग्याच्या फॉर्ममध्ये दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, औषधांची ॲलर्जी, मधमाशी चावल्यावर पूर्वी झालेला त्रास आणि चालू औषधं विचारा, आणि भरलेला फॉर्म उपक्रमप्रमुखाच्या खिशात असू दे. फिट्स येणाऱ्या मुलाला दोरावर आणि पाण्यात सोडायचं नाही. गटाचा अपघात विमा काढताना साहसी उपक्रम त्यातून वगळलेले नाहीत ना, हे कलम वाचून घ्या. पुष्कळ साध्या विम्यांत ते वगळलेले असतात. सर्पदंशाबाबत सगळ्यांना एकच सूचना : दंशाचा भाग हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, कापायचा नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणता होता हे शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

पालकांना पत्र पाठवताना ठिकाण नीट लिहा. अकोले आणि अकोला यांचा गोंधळ दर वेळी होतो, आणि विदर्भातल्या पालकाला तर अकोला शेजारीच असल्यानं हमखास होतो. 'अकोले तालुका, भंडारदऱ्याजवळ, उतरायचं स्टेशन इगतपुरी' असं सविस्तर लिहा. बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नाशिक रोडला किंवा इगतपुरीला थांबतात. तिथून पुढे एसटीची बस प्रासंगिक करारावर घेता येते. रतनवाडी-साम्रदकडे फोन लागत नाही, तेव्हा रोज संध्याकाळी किती वाजता आणि कुणाच्या फोनवरून निरोप येईल ते आधीच कळवा.

खर्चाची वाटणी सोपी ठेवा. प्रवास पाहुण्यांचा, मुक्काम यजमानांचा, प्रशिक्षक-विमा-परवानगी निम्मी निम्मी. परतभेटीत उलट. देणगीदार मिळाला तर उत्तम, पण त्याच्या सोयीनं तारीख बदलू नका. कोणाचंही मूल पैशांअभावी मागे राहणार नाही एवढी तरतूद मंडळाच्या निधीतून करा, आणि ते कोणाचं मूल हे दोन माणसांपलीकडे कळू देऊ नका.

परतभेट झाली नाही तर हे आदानप्रदान अर्धंच राहतं, म्हणून तिच्याबद्दल दोन गोष्टी. मेळघाटात आल्यावर अकोल्याच्या मुलांना वाटेल, इथे कडा कुठे आहे? चिखलदऱ्याला दऱ्या आहेत, गाविलगडाची तटबंदी आहे, डोंगर चढायला आहेत. पण इथलं साहस गप्प चालण्यात आहे. मेळघाट व्याघ्रप्रकल्प देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. इथे अस्वल आणि गवा समोर येऊ शकतात. वनखात्यानं ठरवलेली वाट, सोबत वाटाड्या, रांगेत अंतर आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. वाघ दिसला नाही म्हणून मुलांना हिरमुसू देऊ नका. पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे वाचायला शिकवणारा कोरकू वाटाड्या भेटला तर त्याच्याबरोबर काढलेली एक सकाळ जीपच्या चार फेऱ्यांपेक्षा जास्त देते. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि वनखात्याच्या परवानगीत त्याचं नाव घाला. रॅपलिंगचा हट्ट इथे धरू नका; जंगलाच्या गाभ्यात दोर आणि आरडाओरडा नेण्याचं काही कारण नाही. हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या रात्री चांगल्याच गार असतात, पांघरुणं जास्तीची सांगा. उन्हाळ्यात विदर्भात येऊ नका.

आणि इथे जोड्या त्याच राहतील. गेल्या वर्षी जो यजमान होता तो आता जोडीदाराच्या आईच्या हातचं जेवेल. एखाद्याला यायला जमलं नाही तर त्याच्या जागी नवीन मुलगा घ्या, पण बाकीच्या जोड्या मोडू नका.

निरोपाच्या आदल्या रात्री सगळ्यांनी बसावं. भाषणं नकोत, प्रत्येक जोडीनं काय जमलं नाही ते सांगावं आणि एकानं ते लिहून घ्यावं. दोर कमी पडला, पाणी कमी पडलं, एका घरी मुलं उपाशी झोपली, एका मुलीला कुणीतरी चिडवलं, जे असेल ते. त्याच बैठकीत परतभेटीची तारीख ठरवा, वहीत लिहा, दोन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या. रेल्वेचं आरक्षण गाडीच्या तारखेच्या साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. तो दिवस मोजून ठेवा आणि त्या सकाळी तिकीट काढायची जबाबदारी कोणाची, ते नाव आत्ताच लिहा.